लाजरा फरक

माझा धाकटा भाऊ कॉलेजात मत्स्यशेती शिकवतो. त्याच कॉलेजात मी साहित्य शिकवून निवृत्त झाले. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, तिथेच कॉम्प्युटर सायन्समध्ये संशोधन करते. एका घरातली तीन शिकलेली माणसं, आणि तिघांचं मिळून एकमेकांच्या विषयातलं ज्ञान शून्य. जेवायला एकत्र बसलो की माझी भावजय ताटं मांडता मांडता म्हणते, "आज कोणीतरी मला कळेल असं बोला हो."

त्यातल्या त्यात धाकट्याचं तिला कळतं, कारण तो बोलतच नाही. उंच, किंचित वाकलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एक चप्पल कायम ओली. दोन्ही का नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. सायकल स्टँडच्या भिंतीपलीकडे कॉलेजची चार तळी आहेत, एकेक मोठ्या वर्गाएवढं, आणि त्याचं आयुष्य त्यांच्या बांधावर गेलं. मुलं त्याला तळेमास्तर म्हणतात. विचाराल ते तो मोजून सांगतो. भावजयीने एकदा हौसेने विचारलं, "आजची भाजी कशी झालीय?" तो म्हणाला, "कालच्याएवढीच." ती दोन दिवस फुगून बसली. त्याला वाटलं, आपण कौतुक केलं.

मी डॉक्टरेट आहे. हे मी सांगितलं नाही असा माणूस आमच्या गल्लीत सापडणं कठीण. माझ्या प्रबंधाचा विषय होता 'विरहकवितेतील पाणी'. साडेचारशे पानं. तो माझ्या मार्गदर्शकांनी वाचला, एका परीक्षकांनी वाचला, दुसऱ्यांनी वाचला असं ते म्हणाले. पाण्यावर साडेचारशे पानं लिहिली, पण पोहता मला येत नाही, आणि धाकट्याच्या तळ्यांकडे नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी मोजून तीनदा गेले असेन. वास येतो.

धाकट्याचा स्वतःचा प्रबंध मात्र वर्षानुवर्षं रखडला होता. त्याचा प्रश्न अगदी साधा. माशांना दिवसाचं खाद्य एकदाच टाकलं, किंवा तेवढंच खाद्य थोडंथोडं करून तीनदा टाकलं, तर त्यांच्या वाढीत फरक पडतो का? दोन तळ्यांत एकदा, दोन तळ्यांत तीनदा. एका वर्षी पंप बंद पडला आणि तळ्यातले निम्मे मासे गेले. एका वर्षी बगळ्यांनी बोटुकली खाल्ली. बोटुकली म्हणजे बोटाएवढे लहान मासे, शब्द ऐकून मी म्हटलं होतं, "किती गोड!" आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं होतं, जसं काही मी अंकगणिताला गोड म्हटलं होतं. दर वेळी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. पुरे पाच हंगाम नीट पार पडले तेव्हा उत्तर हाती आलं.

"काय निघालं?" मी विचारलं.

"फरक आढळला नाही."

"कशात?"

"वाढीत. एकदा टाका नाहीतर तीनदा टाका. लक्षणीय फरक नाही."

"अरे, एवढ्या वर्षांत तू काहीच शोधलं नाहीस?"

"शोधलं ना. फरक नाही हे शोधलं." मग माझ्या चेहऱ्याची कीव येऊन त्याने आणखी एक वाक्य खर्च केलं. "ताई, लोक उन्हातान्हात तीनतीन चकरा मारतात. त्या वाचतील."

मला ते फारसं पटलं नाही. माझ्या विषयात नायिका साडेचारशे पानं वाट बघते आणि शेवटी निदान वारा तरी सुटतो.

इतकी वर्षं रखडलेला प्रबंध त्याने त्या वर्षी एका दमात लिहून काढला, त्याला कारण प्राचार्य. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती, आणि ज्या विभागात एकही डॉक्टरेट नाही तो बंद करावा असा नियम आला होता. मत्स्यशेती विभाग म्हणजे धाकटा, एकटा. विभाग बंद झाला की तळी बुजवायची आणि तिथे पार्किंग करायचं, हेही ठरून गेलं होतं. प्राचार्य तसे भले गृहस्थ. पेन्शनच्या कामाला कॉलेजात गेले तेव्हा मला जिन्यात म्हणाले, "बाई, तुमच्या बंधूंच्या माशांशी माझं काही वैर नाही. पण गाड्या मी कुठे लावू, डोक्यावर?"

धाकटा घरी काही बोलला नाही. फक्त एका संध्याकाळी भावजय मला फोनवर म्हणाली, "वन्सं, हे आज जेवताना दोनदा मीठ मागत होते. भाजीत मीठ बरोबर होतं." मोजून खाणाऱ्या माणसाचा हिशेब चुकला, तेव्हा मला कळलं की त्याने किती मनाला लावून घेतलंय.

प्रबंध झाला. पण परीक्षकांकडे जाण्याआधी तो कॉम्प्युटरवर तपासावा लागतो. कोणाचं लिहिलेलं उचललंय का, ते यंत्र बघतं. आधी छापल्या गेलेल्या लाखो पानांशी तुमचं प्रत्येक वाक्य ताडून पाहतं, आणि जुळलं की लाल करतं. लाल मजकूर दहा टक्क्यांच्या आत हवा. हे यंत्र आमच्या कॉलेजात चालवते कोण? माझी भाची. दोन मजकुरांतलं साम्य यंत्राने कसं ओळखावं, यावरच तिचं संशोधन.

तिने बापाला आणि मला आपल्या खोलीत बोलावलं. खोलीत तीन पडदे, एक पंखा आणि खिडकीत सुकलेलं रोप. रोपाला पाणी घालायला पाणीवाल्यांच्या घरातल्या पोरीला वेळ नाही, असं मी म्हणणार होते, पण तिचा चेहरा पाहून गप्प बसले.

"बाबा, अठ्ठेचाळीस टक्के."

"मी कोणाचं काही घेतलेलं नाही," धाकटा म्हणाला.

"मला माहीत आहे. हे बघा." तिने पडदा वळवला. पान लालेलाल. 'पाण्याचे तापमान सकाळी मोजण्यात आले.' लाल. 'माशांचे वजन करून त्यांना पुन्हा तळ्यात सोडण्यात आले.' लाल. 'लक्षणीय फरक आढळला नाही.' हे वाक्य ज्या ज्या पानावर होतं, त्या त्या पानावर लाल, आणि ते बहुतेक सगळ्या पानांवर होतं. जगात मासे मोजणाऱ्या प्रत्येकाने हेच लिहिलंय, कारण दुसरं लिहिणार काय? सगळ्यात कहर पहिल्या पानावर. 'हा प्रबंध माझा स्वतःचा असून तो अन्य कोठूनही घेतलेला नाही,' हे सहीचं प्रतिज्ञापत्र, तेही लाल. ते म्हणे इतर हजारो प्रबंधांतून उचललेलं होतं.

"मग हे वगळ की!" मी म्हटलं. "यंत्र तुझंच आहे ना?"

"वगळायचं बटण आहे, आत्या. पण मागे कोणीतरी ते दाबून आख्खा प्रबंधच वगळला होता. तेव्हापासून विद्यापीठाचं परिपत्रक आहे. बाहेरच्या परीक्षकांनी लेखी दिलं तरच वगळायचं."

"मग परीक्षकांना विचारू."

"परीक्षकांकडे पाठवायचं तर आधी दहाच्या आत यावं लागतं."

"अगं, हे कोणत्या शहाण्याने लिहिलंय?"

"साहित्याच्या समितीने," भाची म्हणाली. मी विषय बदलला.

"तू बापासाठी एवढंही करणार नाहीस?"

"दुसऱ्या कोणाचा असता तर कदाचित भांडले असते वरती जाऊन. बाबांचा आहे म्हणून नाही भांडता येत." ती खुर्चीत ताठ बसली होती, पण आवाज ताठ नव्हता. "तळी मलाही हवीयेत, आत्या. मी पोहायला तिथेच शिकले."

धाकटा उठला. "बरोबर आहे तिचं," म्हणाला, आणि कागद गोळा करायला लागला. त्याच्या हातून ते मी ओढून घेतले. मी म्हटलं, "दे इकडे. वाक्यं जुळतात एवढंच ना? वाक्यं बदलणं हा माझा धंदा आहे."

इथपर्यंत कोणाचंही काही बिघडलं नव्हतं.

मी कामाला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. निवृत्तीनंतर माझ्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी एकदा लग्नपत्रिकेसाठी दोन ओळी मागितल्या होत्या, त्याही पुढे गाळल्या. आता साक्षात विज्ञानाला माझी गरज पडली होती! 'पाण्याचे तापमान सकाळी मोजण्यात आले' याचं मी केलं, 'पहाटेच्या पाण्याने आपली ऊब तापमापकाच्या कानात सांगितली.' माशांचं वजन करून सोडलं, तिथे 'क्षणभर आकाश पाहून ते पुन्हा आपल्या घरी परतले.' सकाळी तळ्यात प्राणवायू कमी असतो, तिथे 'उजाडताना तळ्याने श्वास रोखून धरला.'

यावर धाकट्याने हरकत घेतली. "ताई, रोखला असं नको."

"का? प्राणवायू कमी होता ना?"

"कमी होता. रोखला नव्हता."

"तू मासे बघ रे. भाषा माझ्यावर सोड."

त्याने भाषा माझ्यावर सोडली. यालाच मी माझ्या विद्वत्तेचा विजय समजले. खरं म्हणजे त्याला त्या वेळी पंपाचा पट्टा बदलायला जायचं होतं.

खरी कसोटी होती ते एक वाक्य. 'लक्षणीय फरक आढळला नाही.' प्रकरणामागून प्रकरण तेच. विद्यार्थ्यांच्या निबंधात एखादा शब्द दोनदा आला तरी मी लाल गोल करत असे. इथे आख्खं वाक्य पन्नासदा! मी प्रत्येक ठिकाणी ते नव्याने लिहिलं. एका जागी 'फरक नजरेत भरला नाही.' दुसऱ्या जागी 'फरकाने दार ठोठावले, पण तो आत आला नाही.' तिसरीकडे 'फरक पुसटसा होता.' चौथ्या प्रकरणाच्या शेवटी, जिथे माझी लेखणी ऐन भरात होती, तिथे 'फरक होता, पण लाजरा.' हे लिहून मी खुर्चीवर मागे टेकले आणि स्वतःलाच दाद दिली.

भाचीकडे पाठवलं. तीस टक्के. मी आणखी फुलवलं. सतरा. प्रतिज्ञापत्र राहिलं होतं, त्याचं केलं, 'या पानांवर सांडलेला घाम दुसऱ्या कोणाचाही नाही.' नऊ!

भाचीने आकडा कळवताना विचारलं, "आत्या, तू नक्की काय केलंस?"

"तुझ्या यंत्राला हरवलं."

"यंत्राला फक्त जुळणारं कळतं. बरोबर काय ते नाही कळत."

"मला कळतं," मी म्हटलं. इतक्या ठामपणे मी आयुष्यात फार कमी वेळा चुकले आहे.

भावजयीने ते वाचलं. डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, ह्यांचे मासे इतकं सोसतात हे मला माहीतच नव्हतं." ही शाबासकीही मी ठेवून घेतली. धाकट्याने एका रविवारी सगळं वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मग विचारलं, "हे चांगलंय. कोणी केलंय?"

"तूच केलंयस."

"बरं," म्हणाला, आणि सही केली.

तोंडी परीक्षेला मी पहिल्या रांगेत बसले. दुसरी कोणती रांग मला शोभली नसती. प्राचार्य आले होते, विभागाची मुलं होती, भाची कडेला आपला कॉम्प्युटर घेऊन बसली होती. भावजय मागे, हातात पेढ्यांसारखा काही प्रकार नसावा म्हणून मी आधीच दम दिला होता. निकाल लागायचाय अजून. बाहेरून आलेल्या परीक्षक म्हणजे माझ्याच वयाच्या, किडकिडीत बाई, चष्मा गळ्यात साखळीला. माशांवर त्यांचा मोठा अधिकार आहे असं कळलं होतं. त्यांनी प्रबंध उघडला आणि चष्मा लावला.

"'फरकाने दार ठोठावले, पण तो आत आला नाही.'" बाईंनी वर पाहिलं. "कुठलं दार?"

धाकट्याने सभागृहाच्या दाराकडे पाहिलं.

"पुढे आहे, 'फरक पुसटसा होता.' आणि इथे, 'फरक होता, पण लाजरा.'" मुलांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. "मास्तर, मी तुमचे तक्ते पाहिलेत. मला एकच सांगा. फरक होता की नव्हता?"

"नव्हता."

"मग हा लाजणारा कोण?"

माझ्या कानशिलांना आग लागली. धाकट्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्याने बघितलं नाही. म्हणाला, "सही माझी आहे. तेव्हा चूक माझी आहे."

"तक्त्यांत एक आणि मजकुरात दुसरं, असा प्रबंध मी मंजूर करू शकत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी प्रबंध मिटला. प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे मातीचे ट्रक आले, एकामागून एक, सायकल स्टँडची भिंत पाडून आत शिरणारे.

मी उभी राहिले. "ते मी लिहिलंय."

"आपण कोण?"

"ह्यांची मोठी बहीण. डॉक्टर आहे मी."

"कशातल्या?"

"विरहकवितेतलं पाणी," मी म्हटलं. सगळं सभागृह हसलं. मागून भावजयीचं हसणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"बसा," परीक्षक म्हणाल्या. मी बसले. मग त्यांनी धाकट्याला विचारलं, "हे असं का करावं लागलं?"

"यंत्र अठ्ठेचाळीस टक्के म्हणालं. दहा हवे होते."

"कुठली वाक्यं जुळत होती?"

या प्रश्नाचं उत्तर भाचीकडे होतं. ती उभी राहिली, घसा साफ केला, म्हणाली, "मी त्यांची मुलगी आहे, हे आधी सांगते. मग जे आहे ते दाखवते. ठरवायचं तुम्ही." आणि तिने मूळ प्रत भिंतीवर लावली, तांबडीलाल. परीक्षक जवळ जाऊन एकेक ओळ वाचत राहिल्या. पहिल्या पानावरच्या लाल प्रतिज्ञेपाशी थांबल्या.

"हे माझ्या प्रबंधातही असंच आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे मीही चोर." मग धाकट्याकडे वळल्या. "कागद बाजूला ठेवा. सांगा मला, काय केलंत."

आणि माझा न बोलणारा भाऊ बोलायला लागला. सुंदर बोलला असं मी म्हणणार नाही. एकही वाक्य सुंदर नव्हतं. किती मासे सोडले, किती मेले, का मेले, कोणत्या हंगामाचे आकडे त्याने टाकून दिले आणि टाकून देताना काय कारण होतं. बगळ्यांचं वर्ष त्याने लपवलं नाही. बाई मध्येमध्ये तोडत होत्या, "वजन उपाशीपोटी केलंत का?" "जाळं कितीदा ओढलंत?" तो तेवढ्याला तेवढं उत्तर देत होता. त्या दोघांचं असं जमलं की बाकीचे आम्ही कशाला आलोत हे आम्हालाच कळेना. बोलणं अर्ध्यावर आलं तेव्हा मी माझ्या पर्समध्ये काहीतरी शोधत असल्याचं सोंग केलं, कारण डोळ्यांना पाणी आलं होतं आणि पाण्याची तज्ज्ञ म्हणून ते मला सगळ्यांदेखत परवडणारं नव्हतं.

शेवटी परीक्षकांनी तिथेच, टेबलावर, हाताने लिहून दिलं. मूळ प्रत ग्राह्य धरावी. मोजमापाच्या रीती, संदर्भ आणि प्रतिज्ञा वगळून साम्य पुन्हा काढावं. भाचीने सगळ्यांसमोर ते बटण दाबलं. चार टक्के.

"पदवीची शिफारस मी करते," बाई म्हणाल्या. "मात्र एक अट. मूळ वाक्यं, एकही न बदलता. आणि डॉक्टर," हे मला, "आपल्या प्रतीत 'आकाश पाहून घरी परतले' आहे, ते मासे वजनकाट्यावर होते. त्यांना आकाश दिसत नव्हतं, भीती वाटत होती."

"ते मी पुढच्या आवृत्तीत बघते," मी म्हटलं. सवय. तोंडातून गेलं.

मूळ प्रत पुन्हा बांधून पाठवायचं काम मीच अंगावर घेतलं. तेवढा हक्क मला होता. छापायला देण्याआधी 'लाजरा' तेवढा कुठेतरी, निदान ऋणनिर्देशात, बसतो का ते मी चाचपून पाहिलं. भाचीने माझ्या हातून पेनच काढून घेतलं.

तपासणी समिती येण्याच्या आधी पत्र आलं. पदवी मंजूर. विभाग चालू राहील, तळी राहतील. प्राचार्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं आणि त्याच दमात विचारलं की तुमच्या घरासमोर दोन गाड्यांची जागा असेल का. मी तडक निघाले, जिना उतरून, सायकल स्टँडच्या भिंतीला वळसा घालून, चिखलातून. चांगल्या चपला होत्या. गेल्या त्या.

धाकटा दुसऱ्या तळ्याच्या बांधावर बसला होता, हातात खाद्याची बादली.

"डॉक्टरसाहेब!" मी लांबूनच ओरडले.

त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या मागे कोण येतंय ते पाहायला वाकला.

"अरे, तू! तुझी मंजूर झाली!"

त्याने बादली खाली ठेवली, पुन्हा उचलली. "तळी?" त्याने विचारलं.

"राहणार."

त्याने तोंड फिरवलं. खांदे हलले, हसत होता की काय ते मला दिसलं नाही, आणि त्या क्षणी ते ठरवायची माझी ऐपत नव्हती. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, जरा मागे हो. तुझी सावली पाण्यावर पडतेय. वर येत नाहीयेत."

मी मागे झाले, गुपचूप, दोन पावलं, आणि चिखलात उभी राहिले. त्याने मूठभर खाद्य टाकलं. पाणी एकदम उकळल्यासारखं झालं आणि शेकडो तोंडं वर आली. यावर काहीतरी म्हणावं असं मला फार फार वाटत होतं.